मालोजीचा पट्टा

टोपी घ्यायला जिजाने फळीकडे हात नेला आणि खाली बसून चहात पाव बुडवणारी सुप्रिया झटकन वाकली. वाकली म्हणजे किती, तर चार बोटं. मान खांद्यात गेली, डावा हात कानावर आला, आणि पुढच्याच क्षणी जणू केस मागे घ्यायलाच तो वर आला होता अशा थाटात तिने तो केसांतून फिरवला. पावाचा तुकडा मात्र कपात पडला होता. तो फुगत, पसरत बुडत गेला, आणि मायलेकी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"काय गं?"

"काय नाय."

"टोपी घेत होते मी."

"हां. घे की मग."

जिजाचा हात अजून वरच होता. तो खाली कसा आणायचा हे तिला पटकन सुचेना. झर्रकन आणला तर पोर पुन्हा वाकेल, आणि हळू आणला तर आपण हळू आणतोय हे तिला कळेल. पंधरा वर्षांच्या या पोरीला तिने आजवर एक चापटसुद्धा मारली नव्हती. दूध सांडलं, पाटी फुटली, गणितात नापास झाली, तेव्हाही नाही. आयुष्यात बाकी काय जमलं, काय हुकलं याचा जिजाने कधी हिशेब मांडला नव्हता, पण ही एक गोष्ट तिने जपून ठेवली होती, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यासारखी, कुणाला न दाखवता.

"मी कधी मारलंय का तुला?"

"नाय गं आये." सुप्रियाने चमच्याने पावाचा लगदा काढून बशीत ठेवला. "पट्टा वाजला ना. तू हायस ते एकदम कळलं नाय."

पट्टा वाजला होता खरा. जिजाच्या सरकारी पट्ट्याची आकडी काल तुटली, आणि स्टोअरवाल्याने सोमवारी या म्हणून सांगितलं. पट्ट्याशिवाय वर्दी म्हणजे अर्धवट वर्दी. म्हणून सकाळी आंघोळीच्या आधी तिने खाटेखालची ट्रंक ओढली आणि नवऱ्याचा, मालोजीचा पट्टा काढला. पाच वर्षं तो गुंडाळी करून बसला होता, तेल न मिळाल्याने कोरडा पडला होता. तो तिच्या कमरेला मोठा होणार हे उघडच होतं. तिने गॅसवर खिळा लाल केला, पकडीत धरला आणि आतल्या बाजूला तीन नवी भोकं पाडली. त्याची पितळी जीभ सैल होती, पहिल्यापासूनच. चालताना ती बारीक वाजायची. हा आवाज जिजा विसरली होती. म्हणजे तिला वाटत होतं की विसरली. पोर विसरली नव्हती.

दहिवलीतून स्कूटी काढून ती खालापूरच्या रस्त्याला लागली. उंबरफाट्याचं ठाणं तिथून पुढे, हायवेच्या अलीकडे. दोन्ही बाजूंनी फार्महाऊसच्या कमानी, कुंपणाच्या तारा, विकणे आहेच्या पाट्या, आणि मधेच एखादं शेत, ज्यात कुणीतरी अजून वाल लावलेला. हवेत गारवा होता तरी पट्ट्याखालचा शर्ट घामाने भिजला. चामडं अंगाच्या उबेने मऊ पडत होतं आणि त्याचा वास वर येत होता. तो तेलाचा वास नव्हता आणि घामाचाही नव्हता. तो दुपारचा वास होता. मालोजीची पाळी रात्रीची असे, सकाळी आठला तो घरी येई, झोपे, बाराच्या सुमाराला उठे, आणि उठल्यावर त्याला कशाचा तरी राग आलेला असे. भात गार असे, किंवा गरम असे. सुप्रिया शाळेत असली तर बरं. नसली की जिजा तिला शेजारच्या नफिसाभाभीकडे पाठवी, साखर आणायला. नफिसाभाभी काही विचारत नसे. वाटीभर साखर देई आणि पोरीला म्हणे, बस गं बेटी, टीव्ही बघ थोडा. त्या घरात साखर कधी संपत नसे, जिजाच्या घरात मात्र आठवड्यातून दोनदा संपे.

पट्ट्याचं सहावं भोक तिनेच पाडलेलं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मालोजीचं पोट सुटलं होतं आणि पाचवं भोक त्याला काचत होतं. आज केलं तसंच तिने तेव्हाही केलं, गॅस, खिळा, पकड. चामडं जळल्याचा धूर झाला आणि भोक अगदी गोल पडलं. मालोजीने पट्टा लावून बघितला, पोटावर थाप मारली आणि खुशीत म्हणाला, "दुकानात पण असं करून देणार नाय कोणी." तो खूश झाला की ती पण खूश होई. ही लाज तिला पुढे फार दिवस पुरली. त्याच महिन्यात कधीतरी तो पट्टा तिच्या मांडीवर उतरला, आणि वळ उठला त्यात मधेच एक वाटोळा ठिपका होता, तिच्या भोकाचा. आंघोळ करताना ती त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसली होती. आपलं काम आपल्या अंगावर छापलं गेलं, असं काहीतरी तिच्या मनात आलं होतं. आणि त्याच भोकाने पुढे त्याला ओळखायची पाळी आली. हायवेवर टेंपो तपासत असताना मागून ब्रेक गेलेला कंटेनर आला. तिला नेलं तेव्हा चादरीखाली जे होतं त्याला तोंड नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बाई, काही खूण? हातावरचं गोंदण हाताबरोबर गेलं होतं. तिने पट्टा मागितला. चिखल, रक्त, डांबर पुसून सहाव्या भोकावर अंगठा फिरवला. गोल होतं. "हेच," ती म्हणाली. सगळ्यांना वाटलं, बाई दुःखाने दगड झाली. ती दगड झाली नव्हती. तिच्या पायांतून काहीतरी निथळून जात होतं, आणि ते काय आहे हे कुणाला कळू नये म्हणून ती ताठ उभी होती.

मग ती अनुकंपेची फाईल. पोलिसाच्या विधवेला पोलिसात घेतात, पंचेचाळिशीच्या आत असली तर. कागद तीन वर्षं फिरले. अलिबागच्या ऑफिसात बाकड्यावर बसून बसून तिला तिथली मांजरं ओळखू लागली. आणि गंमत अशी, की त्याच अलिबागच्या मैदानावर ती विसाव्या वर्षी पोलीसभरतीसाठी अनवाणी धावली होती. भिवपुरीच्या पलीकडच्या गावातली पोर, बापाला न सांगता एसटीने गेलेली. पहिल्या वर्षी गोळाफेक कमी पडली. दुसऱ्या वर्षी यादीत नाव लागलं, पण तोवर साखरपुडा झाला होता, आणि नवरामुलगाही त्याच यादीत होता. मालोजी तेव्हा सडपातळ होता, हसला की डावा गाल आत जाई. "एका घरात एकच वर्दी बास," तो म्हणाला होता, तिचा हात हातात घेऊन, अगदी प्रेमाने. तिला ते प्रेम वाटलं होतं. वीस वर्षांनी तीच वर्दी तिला मिळाली, आणि सगळे म्हणाले, मालोजीची नोकरी जिजाला मिळाली. ती आपली स्वतःची हुकलेली नोकरी आहे असं म्हणायला ती कुणाकडे जाणार होती? घाटावरच्या ट्रेनिंगमध्ये एकवीस-बावीसच्या पोरी तिला आधी आंटी म्हणायच्या, मग मम्मी म्हणू लागल्या. उडी मारली की बाळंतपणानंतर सैल झालेलं शरीर दगा द्यायचं, पँट ओली व्हायची. तेव्हा कर्जतचीच नाजनीन तिच्या मागे चिकटून धावायची, कुणाला दिसू नये म्हणून. "आंटी, तुम पळो, मागचं मी बघते." कवायतीचा उस्ताद ओरडायचा, "ए आजीबाई, पाय उचल, नातवंडं आली काय मांडीवर?" सगळ्या हसायच्या. जिजाही हसायची. त्या नऊ महिन्यांत ती जेवढी हसली तेवढी लग्नात हसली नव्हती.

फक्त एक सकाळ सोडून. त्या दिवशी लाठीचा तास होता. उस्तादने एका पुतळ्याला खडूने रेघा मारल्या होत्या. "डोकं नाही. सांधा नाही. कणा नाही. हाड फुटलं तर कागद होतो, कागद झाला की तुमची नोकरी. मांस बघून मारायचं. मांडी, पोटरी, कुल्ला." पोरी फिस्सकन हसल्या. "हसताय काय? तळपाय विसरू नका. तळपायाला खूण उठत नाही." जिजा रांगेत तिसरी उभी होती. उस्ताद एकेक जागा सांगत होता आणि तिच्या अंगातली ती ती जागा हूं म्हणत होती. हजेरीला नाव पुकारावं आणि आतून कुणी ओ द्यावी, तसं. मांडी. पोटरी. तळपाय. तिला आजवर वाटत होतं की त्याला राग अनावर होतो. बाहेरचा ताण, वरिष्ठांची बोलणी, जागरण, आणि मग माणसाचा तोल जातो. सासू म्हणायची, आग आहे, पण मनाने वाईट नाही. आणि इथे खडूच्या रेघा होत्या. त्याचा तोल कधीच गेलेला नव्हता. चौदा वर्षांत एक हाड मोडलं नाही, एक दात पडला नाही, तो इतका सांभाळून मारत होता. रागाला अभ्यासक्रम होता. पट्ट्याचं बक्कल तो मुठीत धरायचा, दोन वेढे तळहाताला, म्हणजे फक्त चामडं लागेल आणि जखम होणार नाही. ती याला माया समजत आली होती. तिला मैदानातच खाली बसावं लागलं. नाजनीन धावत आली. "आंटी, बीपी क्या?" "हो, बीपी," जिजा म्हणाली. दुपारी परीक्षेत तिला लाठीचे सगळ्यात जास्त गुण पडले. उस्ताद म्हणाला, "आजीचा हात बसलेला आहे."

ठाण्यात पोचली तेव्हा दहा वाजत आले होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आबाजी हवालदार बसले होते. मालोजीचे जोडीदार, आता निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, डोळ्यांना चष्मा आणि शर्टाच्या खिशाला निळं पेन. ते तिला अजून वयनीच म्हणत. त्यांनी तिच्या कमरेकडे बघितलं. बघून चष्मा वर सरकवला.

"वयनी, साहेब वाट बघतायत. ती बाई आणलीय सकाळी नवाला. फार्महाऊसवाली."

फार्महाऊसवाली म्हणजे तिथे झाडलोट करणारी. मालकिणीचं सोन्याचं कडं गेलं होतं, आणि मालकिणीचा भाऊ मुंबईत कोणी मोठा होता, त्याचे सकाळपासून चार फोन झाले होते. साहेब तरुण होते, परीक्षा देऊन थेट फौजदार झालेले, सोलापूरकडचे. बोलताना मोबाइलकडे बघत होते.

"मॅडम, लेडीज आहे. आम्हाला हात लावता येत नाही. तुम्हालाच घ्यावं लागेल."

"विचारते सर."

"विचारून झालंय. विचारून सांगत असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? मागच्या खोलीत घ्या. फक्त खूण उठायला नको." मग जरा थांबून, उगाच आवाज मऊ करून, "तुमचा प्रोबेशनचा रिपोर्ट मला या महिन्यात पाठवायचाय. चांगलाच लिहायचाय मला. लोक म्हणतात अनुकंपावाले नुसते खुर्ची गरम करतात. दाखवून द्या की."

दारातून आबाजी म्हणाले, "मालोजी असता ना साहेब, धा मिनटात कडं टेबलावर." ते हे कौतुकाने म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच उमाळा होता. जिजाला वाटलं, हा माणूस मालोजीवर खरोखर प्रेम करतो. मालोजीवर सगळ्यांनी खरोखर प्रेम केलं. मी सुद्धा. आणि रिपोर्ट बिघडला तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर सुप्रियाचं कॉलेज, घराचं भाडं, आणि हा गणवेश, जो मी एकविसाव्या वर्षी धावून मिळवला होता आणि बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पँट ओली करत मिळवला, तो उतरवावा लागेल. हे सगळं तिने विचार करून ठरवलं नाही. ते पायांत होतं. पाय मागच्या खोलीकडे चालले. पट्टा बारीक वाजत होता.

त्या खोलीत कॅमेरा नव्हता. जप्त केलेल्या मोटारसायकलींचे टायर, फायलींचे गठ्ठे, बंद पडलेला पंप आणि उंच खिडकीतून पडलेला उन्हाचा एक चौकोन. बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. चाळिशीची असेल, डोंगराकडच्या वाडीची, लुगडं गुडघ्यापर्यंत, पोटऱ्या काळ्या आणि चिवट, हातात हिरव्या प्लास्टिकच्या बांगड्या. तिने जिजाच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती हाताकडे बघत होती. ज्याला मार माहीत असतो तो तोंडाकडे बघत नाही, हे जिजाला कुणी शिकवायला नको होतं.

"नाव?"

"सोनाबाय."

"कडं कुठाय?"

"मी नाय घेतला."

"मग कोणी घेतलं?"

"मना काय ठाव? मी लादी पुसतंय. मना सोना कशाला गं बाय, मी घालून जाऊ कुठं?"

तिने हे इतक्या साधेपणाने विचारलं की जिजाला हसू आलं असतं. पण बाहेर साहेबांचा फोन पुन्हा वाजला, आणि ते "हो सर, चालू आहे सर" म्हणाले, आणि जिजा म्हणाली, "बोलून टाक. मला हात उचलायला लावू नको."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग तिला ते ऐकू आलं. शब्दन्‌शब्द त्याचं होतं. आवाजाची उतरणही त्याची, शेवटच्या शब्दावर थकल्यासारखी, जणू जे होणार आहे ते समोरच्याच्या हट्टामुळे होणार आहे आणि आपल्याला त्याचं वाईट वाटतंय. तिला वाटलं आता आपण थांबू. हे कळल्यावर कुणीही थांबेल. पण कळणं वेगळं आणि हात वेगळा. पट्टा कमरेतून सुटला होता. तो कधी सुटला हे तिला कळलं नाही. बक्कल मुठीत होतं, दोन वेढे तळहाताला बसले होते, आणि नुसतं चामडं लोंबत होतं, बरोबर जेवढं लोंबायला हवं तेवढं.

पहिला फटका उजव्या पोटरीवर बसला. मांस बघून. आवाज टायरांत मुरला. सोनाबाई ओरडली नाही. तिने पदराचा बोळा करून दातांत धरला. हेही जिजाला ठाऊक होतं, तो बोळा, त्याची साबणाची चव. दुसरा फटका डाव्या पोटरीवर बसला, आणि या दुसऱ्या फटक्याबरोबर जे झालं ते जिजा पुढे कुणालाही सांगू शकली नसती. तिला बरं वाटलं. मनगटापासून खांद्यापर्यंत एक ऊब चढत गेली, छातीत वर्षानुवर्षं आवळून ठेवलेलं काहीतरी सैल झालं, श्वास पोटापर्यंत गेला. असं असतं होय, तिच्या मनात आलं. असं असतं हे. म्हणून तो मारल्यावर शांत झोपायचा. म्हणून उठल्यावर चहा मागताना त्याचा आवाज इतका गोड असायचा. चौदा वर्षं ती या बाजूने त्याच्याकडे बघत होती आणि आज दोन फटक्यांत ती त्या बाजूला जाऊन उभी राहिली होती, आणि तिथे ऊन होतं, मोकळं होतं, तिथे कुणाला काही दुखत नव्हतं.

तिसऱ्यासाठी हात वर गेला. सोनाबाईची मान खांद्यात गेली, डावा हात कानावर आला. चार बोटं. त्याहून जास्त नाही.

पावाचा तुकडा जिजाच्या डोळ्यांसमोर बुडाला. हात वरच राहिला, सकाळी राहिला होता तसाच. उन्हाच्या चौकोनात धूळ फिरत होती. मग ती खाली बसली, टायरांना टेकून, सोनाबाईच्या समोर, दोघींचे पाय एकमेकींच्या पायांपर्यंत येतील एवढ्या अंतरावर. सोनाबाईच्या पोटरीवर वळ उठत होता. काळ्या कातडीवर तो कुणा साहेबाला दिसला नसता. जिजाला दिसत होता. त्यात मधे मधे वाटोळे ठिपके होते, तीन, अगदी गोल. आज सकाळचे.

बऱ्याच वेळाने सोनाबाईने तोंडातला पदर काढला. "झाला?" तिने विचारलं.

"झालं."

"मंग जाऊ?"

"थांब. आधी लिहिते."

ती बाहेर आली तेव्हा एका हाताने पँट धरलेली होती आणि दुसऱ्या हातात पट्टा होता. आबाजींनी मान वर केली. "कबूल?" जिजा टेबलाशी आली. तिने स्टेशन डायरी आपल्याकडे ओढली. नऊ वर्षांपूर्वी ती याच टेबलाच्या त्या बाजूला बसली होती, सहा वर्षांची सुप्रिया मांडीवर घेऊन. डायरी तेव्हाही इथेच होती आणि आबाजींच्या बोटांत तेव्हाही निळं पेन होतं, टोपण लावलेलं. त्यांनी चहा मागवला होता, पोरीला बिस्किटाचा पुडा दिला होता, आणि फार समजुतीने म्हणाले होते, "लिवायला काय वयनी, आता लिवतो. पण यात लिवलं की खोडता येत नाय, पानाला नंबर असतो. त्याची नोकरी जाईल, मग खाणार काय तुमी?" टोपण निघालं नाही. ती घरी पोचायच्या आत आबाजींचा फोन मालोजीला पोचला होता, त्याला समज द्यायला. त्या दिवशी तळपाय होते. दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेत सोडायला ती टाचांच्या कडांवर चालत गेली, आणि सुप्रिया म्हणाली, आये, तू नाचतेस का?

तिने आबाजींच्या खिशातलं पेन काढून घेतलं. त्यांनी घेऊ दिलं. त्यांना वाटलं कबुली लिहायचीय. ती उभ्या उभ्या लिहू लागली, ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या सरकारी मराठीत, सावकाश, शाळेतल्यासारखं अक्षर काढत. वेळ अकरा वाजून चाळीस मिनिटे. सोनाबाई नावाच्या महिलेस सकाळी नऊ वाजता ठाण्यात आणले असून तशी नोंद आढळून येत नाही. सदर महिलेस चौकशीदरम्यान मी माझ्या कमरेच्या पट्ट्याने उजव्या व डाव्या पोटरीवर प्रत्येकी एक असे दोन फटके मारले.

आबाजी खुर्चीतून अर्धे उठले. "वयनी, काय लिवताय हे?"

"झालं ते."

"अवो, यात लिवलं की—"

"खोडता येत नाही. तुम्हीच सांगितलंय मला."

"डोकं फिरलं काय तुमचं? नोकरी जाईल. मालोजीचं नाव जाईल."

"भाऊजी, हा पट्टा ओळखलात ना सकाळी?"

आबाजींनी पट्ट्याकडे बघितलं नाही. ते पेनाच्या टोपणाकडे बघत होते.

"याचंच सांगायला आले होते मी तेव्हा. तुम्ही पोरीला बिस्किटं दिलीत." तिच्या आवाजात चढ नव्हता. ती पुढे लिहीत होती. सदर महिलेस वैद्यकीय तपासणीकामी ग्रामीण रुग्णालयात पाठविणे आवश्यक आहे. सदर पट्टा, चामडी, जुना वापरता, पितळी बक्कल असलेला, मुद्देमाल म्हणून जमा करीत आहे. सही. मग नाव. नावापुढे मालोजीचं नाव येत होतं, ते तिने लिहिलं, कारण कागदावर तसंच होतं.

साहेब आवाजाने बाहेर आले. त्यांनी डायरी वाचली, पुन्हा वाचली, मग अंगठ्याने पानाचा वरचा कोपरा दाबला, जिथे नंबर छापलेला असतो. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम पोरगेला दिसू लागला. "मॅडम, तुम्हाला कळतंय का, यात मी पण जातो."

"हो सर."

"खूण तरी उठलीय का?"

"उठलीय. तीन भोकांची. पट्ट्याशी जुळवून बघता येईल."

बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचं टीं टीं चालू होतं. साहेबांच्या हातातला फोन पुन्हा वाजू लागला आणि त्यांनी तो वाजू दिला. मग आबाजींना म्हणाले, "गाडी काढा. त्या बाईला दवाखान्यात न्या." आणि जिजाकडे न बघता, "तुम्ही घरी जा. मला वर कळवावं लागेल. बोलावलं की या."

सोनाबाई गाडीत चढताना लंगडत होती. तिने वळून जिजाकडे बघितलं नाही. बघावं असं काही नव्हतंच. जिजाने तिला जिथे मारलं होतं तिथे ती मारलीच गेली होती, लिहिण्याने ते अंगावरून जाणार नव्हतं, आणि जिजाच्या खांद्यातली ती ऊबही गेली नव्हती. स्कूटीवर बसल्यावरही ती होती, एखाद्या पाळलेल्या जनावरासारखी खांद्यात अंग दुमडून बसलेली. हिला आता जन्मभर सांभाळावं लागणार, खायला न घालता, जिजाला वाटलं. पँट कमरेवर दोन सेफ्टी पिनांनी धरली होती. पोटाला काही काचत नव्हतं. फार्महाऊसच्या कमानी आल्या तशा गेल्या.

दहिवलीत घराच्या पायरीशी तिने बूट काढले आणि मोज्यांनिशी आत आली. सुप्रिया आरशासमोर दुपारच्या शाळेसाठी वेणी घालत होती. आईला दुपारी बघून तिचा हात थांबला.

"एवढ्यात? काय झालं?"

"काय नाय. आले."

पोरीची नजर कमरेवर गेली, सेफ्टी पिनांवर. "पट्टा कुठाय?"

"जमा केला."

"कुठं?"

"ठाण्यात. आता तो परत यायचा नाही."

सुप्रियाला पुढचं विचारायचं होतं, ते तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं, नोकरीचं. पण ती पुढे झाली आणि आईच्या डोक्यावरची टोपी तिने स्वतः काढून घेतली, आतला घाम ओढणीला पुसला आणि फळीवर ठेवायला हात उंच केला. आणि जिजा वाकली. मान खांद्यात गेली, डावा हात कानावर आला.

पोरीचा हात वरच राहिला. शेजारी नफिसाभाभीकडचा टीव्ही चालू होता.

"आये," सुप्रिया म्हणाली. तिने हात खाली आणला नाही, हळूही नाही आणि झर्रकनही नाही. तो तसाच वर ठेवून ती आईची मान सरळ होईपर्यंत थांबून राहिली. "आये, बघ ना इकडं. मी हाय."